अर्धी मात्रा मागे

फोन आला तेव्हा माझ्या गळ्यावर वस्तरा होता. डाव्या गालावरची दाढी उतरली होती, उजव्या गालावर फेस होता आणि मान मागे टाकलेली. बार्शी नाक्याजवळच्या या सलूनमध्ये मी दर रविवारी येतो. कारागिराने शहाण्यासारखा हात थांबवला, मी फोन कानापासून चार बोटं लांब धरला आणि पलीकडून पुण्याचा एक माणूस बोलू लागला. आवाज मऊ, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारा. तो ध्वनिमुद्रण शिकवतो, आणि लहान, कमी ताकदीच्या लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या पोरांचा दर महिन्याला मेळावा भरवतो. मी इंटरनेटवर टाकलेला माझा अकरा मिनिटांचा व्हिडिओ त्याने पाहिला होता. एकदा नाही, सहा वेळा. माजलगावच्या मंगल कार्यालयात पत्र्याखाली, वैशाखात, एक माणूस दहा इंची लॅपटॉप घेऊन बसतो आणि एकटाच शिवभजन उभं करतो याचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं. मी हूं हूं करत होतो. कौतुक कुणाला नको असतं, आणि बीडमध्ये कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या माणसाचं कौतुक करायला पुण्याहून फोन काही रोज येत नाही. मग तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. सातव्या मिनिटापर्यंत तुमची मागची झील घड्याळासारखी तालावर पडते. तिथून पुढे चार आवाजांचा एकच आवाज होतो, आणि तो अर्धी मात्रा मागे राहतो. शेवटपर्यंत. इतकं जिवंत मी मशीनमधून कधी ऐकलं नाही. कोणत्या सेटिंगवर केलंत हे?"

गेले आठ महिने मी ज्या प्रश्नाला भीत होतो तो असा येईल असं वाटलं नव्हतं. कुणीतरी माजलगावचाच भेटेल, चहाच्या टपरीवर खांद्यावर हात टाकून विचारेल, काय बे रुद्रेश, त्या दिवशी नक्की गायलं कोण, अशी माझी धास्ती होती. त्यासाठी हसण्यावारी नेणारी दोन-तीन उत्तरं मी तयारही ठेवली होती. पण हा माणूस माझ्या चोरीवर बोट ठेवून तिचं कौतुक करत होता. गळ्यावर वस्तरा असताना तरी माणसाने खरं बोलावं. मी म्हणालो, पाचशे बारा. तो पलीकडे थक्क झाला, पाचशे बारावर, एवढ्याशा मशीनवर, आणि त्याने तो आकडा कागदावर लिहून घेतल्याचं मला ऐकू आलं. मग त्याने पुण्याला यायचं निमंत्रण दिलं. येत्या महिन्यात, चाळीस विद्यार्थ्यांसमोर, तेच मशीन, तेच भजन, आणि तो अर्ध्या मात्रेचा चमत्कार कसा करायचा ते शिकवायचं. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाला. फोन ठेवल्यावर कारागिराने विचारलं, सर, पुण्याला प्रोग्राम का? मी मान हलवली आणि त्याने ती धरून सरळ केली.

पाचशे बारा हा आकडा तसा खोटा नाही. आवाज मशीनमध्ये शिरतो तो सलग शिरत नाही, मशीन त्याचे लहान लहान ढीग करतं, एकेक ढीग उचलतं आणि दुसऱ्या बाजूला टाकतं. ढीग केवढा करायचा ते आपण आकड्यात सांगायचं, माझा आकडा पाचशे बारा. लहान सांगितला तर आवाज चटकन बाहेर येतो, पण दुबळ्या मशीनला दम लागतो आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा स्पीकर तडतडतो. मोठा सांगितला तर मशीन निवांत चालतं, फक्त सगळं थोडं उशिरा येतं. माझं मशीन दुबळंच होतं. दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर घेतलेला पांढरा मिनी लॅपटॉप. क्लासमधली पोरं त्याला पाटी म्हणायची. जुन्या कीबोर्डच्या तारा सोडवून त्या दारावरच्या घंटीच्या बटणाला जोडल्या, बटण साबणाच्या डबीत बसवलं, आणि पायाने दाबायचा स्विच तयार झाला. फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. आवाजाचा एक तुकडा पकडायचा, तो रहाटासारखा फिरत ठेवायचा, एकाचे चार करायचे, पाहिजे तेव्हा पायाने सोडायचा, पाहिजे तेव्हा थांबवायचा. पण सातव्या मिनिटानंतरचा तो उशीर पाचशे बाराचा नव्हता. तो सिद्धाराम काकांचा होता, आणि त्याचं कारण दिंद्रुडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात होतं.

सिद्धाराम काका मापाडी होते. माझे वडील चन्नप्पा, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, त्यांचं दिंद्रुडला किराणा दुकान, आणि दुकानासमोरच्या आडतीवर काका मापं मोजायचे. मापाड्याने एक म्हणायचं नसतं, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन, एका सुरात, वीस बैलगाड्यांच्या पलीकडे ऐकू जाईल असं. मी पोत्यांवर बसून ऐकायचो. काकांचा एक नेम होता, पारडं पुरतं स्थिर झाल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. दुसरे मापाडी पारडं हलतं असतानाच आकडा ओरडायचे आणि आडत्याचं चांगभलं करायचे. काका थांबायचे. एवढंसं, श्वासाच्या अर्ध्याइतकं, पण थांबायचे. शेतकरी त्यांच्यासाठी गाडी घेऊन दुपारपर्यंत खोळंबून राहायचे. हीच सवय भजनात आली. आप्पा पुढे गायचे, काका मागे झील धरायचे, म्हणजे तीच ओळ मागून उचलून म्हणायचे, आणि आप्पांची ओळ पुरती टेकली असं वाटल्याशिवाय काकांचा आवाज उठायचा नाही. चाळीस वर्षं ते अर्धी मात्रा मागे राहिले आणि आप्पांनी चाळीस वर्षं ती अर्धी मात्रा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. मला लहानपणी वाटायचं, शिवभजनाचा तालच तसा असतो. पुढे मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे आले, लाल आकडे आपोआप उमटू लागले आणि काकांचा आवाज फक्त भजनापुरता उरला. भजनातली माणसंही एकेक करून कमी झाली. कुणाची मुलं लातूरला, कुणाची पुण्याला, कुणी गेलंच. दोन हजार नऊच्या श्रावणात आप्पाही गेले.

आमच्या भजनात एक शिस्त होती. पडलेली झील उचलायची. गाणाऱ्याला ठसका लागला, म्हाताऱ्याचा दम संपला, कुणी मध्येच विसरला, तर जो जवळ असेल त्याने झील धरायची, मग तो भजनात बसलेला असो नाही तर ओट्यावर पान लावत असो. शिवाच्या दारात ओळ अर्धी टाकू नये, असं आप्पा सांगायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका घरी भजनाला पहिल्यांदा झील धरायला बसलो आणि तिसऱ्याच ओळीला घाबरून गप्प झालो. काका तेव्हा बाहेर अंगणात हात धूत होते. ओले हात तसेच धरून त्यांनी तिथूनच झील उचलली. आत कुणाला कळलंही नाही की मी पडलो. घरी जाताना त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. आता मला वाटतं, तेव्हा त्यांनी मला एक रट्टा दिला असता तर बरं झालं असतं.

माजलगावच्या मंडळाने दोन हजार दहाच्या बसवजयंतीला मला अर्धा तास दिला. काहीतरी नवीन करा सर, म्हणाले. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं, एक माणूस आणि एक मशीन. झील मात्र लागणार होती, आणि झील म्हणजे काका. मार्चमध्ये एका सकाळी मी पाटी आणि माइक घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. काकांनी विचारलं, "कावून बे? भजनाला बोलव की, मीच येतो." मी म्हणालो, आठवण म्हणून हवंय. आप्पांचं काहीच राहिलं नाही, तुमचं तरी राहावं. हे सांगताना मला ते खरंही वाटत होतं, म्हणजे खोटं बोलताना मी स्वतःलाही घोळात घेतलं होतं. काका आत गेले. धुतलेला सदरा घातला, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले, टोपी नीट केली. मी म्हणालो, काका, फोटो नाही, फक्त आवाज घ्यायचाय. ते म्हणाले, असू दे. एक तास गायले. मध्येच थांबून विचारायचे, हे बरं आलं का, परत म्हणू का. डावा कान बरा चालत नव्हता, म्हणून मी उजव्या बाजूला बसून सांगायचो, बरं आलं काका.

बीडला येऊन मी ते मशीनवर पसरलं. पडद्यावर आवाज दिसतो, केसाळ अळीसारखा लांब, आणि त्याच्यावर तालाच्या उभ्या रेघा. काकांची प्रत्येक झील रेघेच्या जरा उजवीकडे सुरू होत होती. प्रत्येक. मी एकेक तुकडा कापला आणि डावीकडे सरकवून रेघेला चिकटवला. चहा पीत, खिडकीतून रस्ता बघत, मजेत. चाळीस वर्षांची खोड मी दीड तासात घालवली. एका आवाजाचे चार केले, थोडे घोगरे, थोडे पातळ, म्हणजे मागे चार माणसं बसल्यासारखं वाटेल. ऐकून पाहिलं आणि मला अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतो आणि स्वतःला कलावंत समजत होतो. काकांना मी फोन करून सांगितलं की माजलगावला कार्यक्रम आहे, पण ऊन फार आहे, तुम्ही येऊ नका. उन्हाचं निमित्त होतं. धोतरातला एक म्हातारा, अर्धी मात्रा उशिरा, एका कानाने ऐकणारा, माझ्या लॅपटॉपशेजारी बसलेला फोटोत दिसेल याची मला लाज वाटत होती. आप्पांच्या शेजारी चाळीस वर्षं बसलेला माणूस मला माझ्या शेजारी नको होता. "बरं," ते म्हणाले, "तू म्हणतोस तर न्हाई येत."

ते आले. मला नंतर दिसले. त्या दुपारी माजलगावात धरणाकडून येणारा वाराही भाजून काढत होता, मंगल कार्यालयाचा पत्रा तापलेला, आणि मी बसलो तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले. जनरेटर फक्त माइक आणि स्पीकरला जोडलेला. एकाएकी सभागृह शांत झालं आणि मला ते बरंच वाटलं. मी हाताने टाळ वाजवत होतो, तोंडाने गात होतो, पायाने साबणाची डबी दाबत होतो आणि मागून चार सिद्धाराम काका बरोबर रेघेवर झील देत होते. लोक माना डोलवत होते. सहा मिनिटं मी खरोखर सुखात होतो. मग पाटीच्या खालून गरम प्लास्टिकचा वास आला. स्पीकर दोनदा तडतडला. मी ओळ संपवली, पाय दाबला, आणि काही आलं नाही. परत दाबला. पडदा गोठला होता, त्यावरचा बाण हलत नव्हता. टाळ हातात आपोआप चालू होते आणि पुढे झिलीच्या जागी नुसती पोकळी. माझ्या मानेवरून घाम उतरत होता, आणि मी आठ वर्षांचा झालो होतो. मग झील आली. सभागृहाच्या अगदी मागून, चपलांच्या ढिगाजवळून, मागच्या स्पीकरच्या बरोबर खालून. एकच आवाज. अर्धी मात्रा मागे. माइकशिवाय, मोंढ्यातला आवाज, पत्र्याला लागून सगळीकडून येणारा. एकाही माणसाने मान वळवून पाहिलं नाही, कारण तोच आवाज ते सहा मिनिटं ऐकत होते.

तेव्हा मी थांबू शकलो असतो. टाळ खाली ठेवून म्हणता आलं असतं, मशीन बंद पडलंय, काका, पुढे या. लोक हसले असते, टाळ्या वाजवल्या असत्या, काकांना हाताला धरून पुढे आणलं असतं. हे मी इतक्या वेळा मनात घडवलंय की कधी कधी घडलंच होतं असं वाटतं. पण मी काय केलं तर पाय दाबला. प्रत्येक झिलीच्या आधी, बरोबर वेळेवर, मेलेला स्विच दाबत राहिलो. दोनदा हात लांब करून गोठलेल्या पडद्यावरची बटणं फिरवल्यासारखं केलं, कपाळाला आठ्या घातल्या, सेटिंग बदलल्यासारख्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे, त्या चार मिनिटांत मी जन्मात गायलो नाही इतकं चांगलं गायलो. ती अर्धी मात्रा मोकळी सोडणं मला जमलं. आप्पांसारखं जमलं. शेवटी अध्यक्ष उठले, म्हणाले पोरं गावं सोडून गेली पण या मशीनने झील गावात ठेवली. शाल आली, नारळ आला. शाल खांद्यावर पडत असताना मी दाराकडे पाहिलं. काका पायाने चपला चाचपत उभे होते. आमची नजरानजर झाली, आणि त्यांनी मान खाली घातली. मग ते बाहेर उन्हात गेले. मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय, माझं तोंड पाहायची त्यांची इच्छा उरलेली नाही. मी हाक मारली नाही. परतीच्या जीपमध्ये माझी बायको प्रणिता म्हणाली, काका आले होते. मी म्हणालो, हो का.

त्यानंतर मी दिंद्रुडला गेलो नाही. श्रावणात आप्पांच्या वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा सकाळी जाऊन दुपारच्या गाडीने परत आलो आणि काकांच्या गल्लीतून न जाता मागच्या ओढ्याकडून वळसा घातला. चोराच्या मनात चांदणं. बाजारात कुणाची टोपी तशी दिसली तरी मी दुकानात शिरायचो. क्लासमध्ये पोरं म्हणायची, सर, पाटीवर वाजवून दाखवा ना, आणि मी खेकसायचो. पाटी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. मात्र व्हिडिओ काढून टाकला नाही. काढावा असं रोज वाटायचं, आणि रोज किती लोकांनी पाहिला तेही बघायचो. माणूस आपल्या लाजेला इतका चिकटून कसा राहतो, मला कळत नाही.

सलूनमधून घरी आलो. प्रणिता मेथी निवडत बसली होती. पुण्याच्या फोनचं सांगितलं. तिने विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? मी म्हणालो, पाचशे बारा. तिला त्या आकड्यातलं काही कळत नाही, पण तिचे हात थांबले. "बायकांची बाजू मागंच होती," ती म्हणाली. "काका माझ्यापासून चार हातांवर गात होते." मी खाली बसलो. आठ महिने ही बाई माझं ताट वाढत होती, माझ्या बुशशर्टाला इस्त्री करत होती, आणि वाट पाहत होती. मला राग आला, तिचाच, की आधी का बोलली नाही. रागावण्याइतपत हक्क मी अजून स्वतःकडे ठेवला होता. ती शांतपणे म्हणाली, त्यांना पुण्याला घेऊन जा. ते नको वाटत असेल तर राहू द्या, पण त्यांना सांगून तरी या. म्हातारं माणूस आहे, उद्याचा भरवसा काय. पुढे तिने मेथीची जुडी संपवली आणि मी दाढीचा राहिलेला साबण कानामागून पुसत राहिलो.

सोमवारी सकाळी परळीची गाडी पकडली. वडवणी मागे पडली, तेलगावला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आमची एसटी त्यांच्या मागे मुंगीच्या पावलाने चालली. रस्त्याकडेच्या शेतात शिरूर कासारकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या पालांतून धूर निघत होता. मी खिडकीशी बसून वाक्य घोकत होतो. काका, त्या दिवशी मशीन बंद पडलं होतं. झील तुम्ही धरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तुमच्यासाठी. तीन वाक्यं. लहान. शाळेतलं पोरगंही म्हणेल. मग मी त्यात भर घालू लागलो, की मी तेव्हा घाबरलो होतो, की ऊन होतं, आणि लगेच ती काढून टाकली. तीनच. ते चिडले तर चिडू देत. दारातून हाकलून दिलं तर ओट्यावर बसून राहायचं. थुंकले तरी चालेल. गाडी जसजशी दिंद्रुडच्या जवळ आली तसतसं मला हलकं वाटू लागलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्या गावात उतरायची ओढ वाटली. फाट्यावर उतरून मी पाव किलो पेढे घेतले.

काका ओट्यावर उन्हाला बसून तूर पाखडत होते. वाळले होते. मला पाहिलं आणि त्यांच्या हातातलं सूप तिरकं झालं, चार दाणे खाली सांडले. धडपडत उठले आणि माझ्या आधी, मी वाकायच्याही आधी, त्यांनी हात जोडले. शरणार्थ, म्हणाले. आमच्यात हा नमस्कार लहानाने मोठ्याला आधी करायचा असतो. मी गोंधळलो. पाया पडलो, पेढे दिले, उजव्या कानाशी बसलो. काय बोलावं म्हणून विचारलं, आज सोमवार, भजन कुठं आहे? ते म्हणाले, भजन सोडलं. मी विचारलं, कधीपासून. ते सुपात बोटं फिरवत राहिले आणि मी मनात ते पहिलं वाक्य पकडून ठेवलं होतं, तेवढ्यात तेच बोलू लागले.

"तू येशीन आसं वाटलं न्हवतं," ते म्हणाले. "म्या तुजं वाटोळं केलं त्या दिशी. तू येऊ नको म्हणला आन् तरी म्या गेलतो. चन्नप्पाचं पोरगं एकलं बसणार म्हणून राहावलं न्हाई. लई झ्याक चाललं व्हतं तुजं. मग मला वाटलं मशीन थांबलं. झील पडली. आन् माजं तोंड उघडलं बे. आपल्या भजनाची सवय. भजन संपलं तर समदे म्हणतेत, काय मशीन हाय, एकदा सुदा थांबलं न्हाई. तवा कळलं. मशीन चालूच व्हतं, ह्यो मुडदा कान फसला. तुज्या एवढ्या मोठ्या कार्यक्रमात म्या मधीच वरून वरडत व्हतो. तू माज्याकडं बघितलं, मला तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई." श्वास घ्यायला ते थांबले. "कानाचा भरवसा गेला तर झील कशी धरावी मानसानं. त्या दिसापासून तोंड उघडलं न्हाई."

माझ्या तोंडात ती तीन वाक्यं तयार होती. जिभेवर होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं आणि या माणसाचा कान परत मिळणार होता, भजन परत मिळणार होतं, चाळीस वर्षं परत मिळणार होती. पण येताना मी शिव्या ऐकायची तयारी केली होती. थुंकी झेलायची केली होती. माझ्यासमोर कुणी हात जोडून बसेल याची केली नव्हती. आठ महिने मी समजत होतो की त्यांनी माझी लाज पाहिली, आणि त्यांनी तर ती पाहिलीच नव्हती. या घटकेला जगात प्रणिता सोडली तर कुणालाच काही माहीत नव्हतं. मी अजून त्यांच्यासाठी चन्नप्पाचा गुणी मुलगा होतो. हा विचार माझ्या मनात आला, मी तो येताना पाहिला, आणि तो मला गोड वाटला. याहून लाजिरवाणं माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

काकांनी उजवा कान माझ्याकडे केला. त्यांच्या डोळ्यांत अजून एक धुगधुगी होती, हे मी नाकारणार नाही. "मशीन थांबलं न्हवतं ना, रुद्रेश?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

"नाही काका," मी म्हणालो. "चालू होतं."

त्यांनी सावकाश मान हलवली, दोनदा. मग कानच गेला म्हणायचा, असं स्वतःशीच पुटपुटले. सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडे नीट वळले आणि पुन्हा हात जोडले. चन्नप्पा असता तर त्याच्या पायाशी बसलो असतो, आता तूच माफ कर, म्हणाले. मी त्यांचे जोडलेले हात माझ्या दोन्ही हातांत धरले. तुरीच्या फोलाने खरखरीत झालेले होते. "जाऊ द्या काका," मी म्हणालो, "केलं माफ." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. आत वळून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, साखर जास्त घाल म्हणाले, चन्नप्पाचा पोरगा आलाय.